लोकांसाठी रोज बायबल उघडतो, स्वतःसाठी कधी? (सेवेत असणाऱ्यांना प्रश्न, बाकीच्यांचंही स्वागत)

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.४०

सगळ्यांना सलाम आणि नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी पाळक आहे. गावातली मुख्य मंडळी, म्हणजे चर्च, आणि भोवतालच्या खेड्यांतल्या छोट्या मंडळ्या, सगळं एकाच माणसाकडे. आमच्याकडे यात नवीन काही नाही. इथे ख्रिस्ती नसलेले वाचक जास्त, म्हणून आधी थोडी ओळख. पाळक रविवारी झगा घालून उपदेश करतो एवढंच लोकांना दिसतं. उरलेला आठवडा असा जातो: कुणाचं सिझेरियन, दवाखान्यात जाऊन प्रार्थना. कुणाच्या पोराचा शाळाप्रवेश, त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला, आणि मंडळीच्या दप्तरात आजोबांचं नाव एक तर आधारवर दुसरंच. नवराबायकोचं वाजलं की रात्री अकराला फोन. मंडळीच्या जागेची केस, तारखेला वकिलाकडे चक्कर. मयत झालं की हातातलं सगळं टाकून निघायचं. नवा ट्रॅक्टर आणला तरी प्रार्थनेला बोलावतात, आणि मला जावंसंही वाटतं, कारण त्या घरावर कर्ज किती हे मला माहीत असतं. डिसेंबरात घरोघर नाताळची गाणी, उपवासकाळात दर शुक्रवारी वेगळ्या वस्तीवर सभा, मग उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसावरच्या सात वचनांवर तीन तास.

काम जास्त आहे हे खरं, पण दुखणं वेगळं आहे. बायबल उघडलं की डोकं लगेच मुद्दे काढायला लागतं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, इथे गावातलं उदाहरण, शेवटी गाणं. एखादं वचन मनाला लागलं तर ते लागल्याच्या पुढच्या क्षणी मी ते रविवारसाठी बाजूला ठेवतो. प्रार्थना तर दिवसभर चालूच असते, पण त्यातली एकही माझी नसते. परवा एका आजींनी विचारलं, "पाळकसाहेब, तुमच्यासाठी काय मागू?" मला काहीच सुचलं नाही. "मंडळीसाठी मागा" म्हणून मोकळा झालो.

जे सेवेत आहेत, पाळक, फादर, सिस्टर, सुवार्तिक, त्यांनी स्वतःचं मूळ धरून कसं ठेवलंय ते सांगा. "प्रार्थना वाढवा" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. ते लोकांना मीच सांगत असतो.

अग्निज्वाला | सोमवार, रात्री ११.२५

प्रभूची स्तुती असो ब्रदर. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पहिली प्रीती थंडावली की असंच होतं. आमच्या फेलोशिपमध्ये पास्टर दर महिन्याला तीन दिवस उपास करून प्रार्थनेला बसतात. पहाटे चारला उठा. अभिषेक, म्हणजे पवित्र आत्म्याचं सामर्थ्य, असला की थकवा जवळ येत नाही.

चष्मेबद्दूर | मंगळवार, सकाळी ८.०५

मी नास्तिक, तरी लिहितो. मला यात अध्यात्म कमी आणि कामगार कायदा जास्त दिसतोय. आठवड्याची सुट्टी नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, वरिष्ठ दूर आणि गिऱ्हाईक चोवीस तास दारात. कुठल्याही नोकरीत माणूस असाच सुकेल. देवाला कशाला मध्ये आणता? रजा टाका.

जुना_सलाम | मंगळवार, दुपारी १२.१५

गोदाकाठ, मी निवृत्त पाळक. नगर भागात आयुष्य गेलं. तुमची पोस्ट आमच्या मंडळींना, म्हणजे बायकोला, मोठ्यानं वाचून दाखवली, त्या हसल्या. का हसल्या ते विचारू नका.

अग्निज्वाला यांना आधी उत्तर देतो. दादा, तुमच्या फेलोशिपमध्ये स्पर्जनचं नाव मानानं घेत असतील. लंडनचा एवढा गाजलेला उपदेशक. १९ ऑक्टोबर १८५६ ला तो सरे गार्डन्सच्या सभागृहात उपदेश करत असताना कुणीतरी "आग, आग" अशी खोटीच आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानंतर निराशेचे झटके त्याला जन्मभर येत राहिले. पुढे त्यानं आपल्या विद्यार्थ्यांना खास याच विषयावर व्याख्यान दिलं: सेवक खचतो का आणि कधी खचतो. विश्रांतीचा वेळ वाया गेला असं समजू नका, हेही त्यानं बजावलं. स्वतः हिवाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर माँतोंला जाऊन राहायचा आणि १८९२ मध्ये तिथेच वारला. आता याच्यात अभिषेक कमी होता म्हणायचं का?

आणि पहाटे चारला उठा हे ज्याला सांगताय, तो रात्री बारापर्यंत कुणाचं तरी भांडण सोडवत बसलेला असतो.

गोदाकाठ, दुखणं जुनं आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा संन्यासी होता. एकांतात राहणाऱ्या साधूंवर भर दुपारी येणाऱ्या भुताबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. सूर्य जागचा हलतच नाही असं वाटतं. साधू पुन्हापुन्हा खिडकीबाहेर बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते मोजतो, कुणी भेटायला येतंय का ते पाहतो. मग राहती जागा नकोशी होते, काम नकोसं होतं, सोबत्यांची माया आटली असं वाटतं, आणि दुसऱ्या गावी गेलो तर सेवा छान होईल असा विचार डोक्यात घर करतो. बदलीचा अर्ज लिहायला बसलेला प्रत्येक पाळक हे वाचून दचकेल. मी दचकलो होतो.

तुमच्यापुरता उपाय मात्र जर्मनीतला सांगतो. डीट्रिक बोनहोफर हा पाळक १९३५ ते १९३७ फिंकनवाल्डला एक सेमिनरी चालवायचा. नाझींच्या धाकापासून वेगळ्या राहिलेल्या मंडळ्यांसाठी पाळक तयार करण्याची ती जागा. तिथे रोज सकाळी अर्धा तास मौन चिंतन असे. एकच छोटा उतारा, तोच आठवडाभर. ग्रीक उघडायचं नाही, टीकाग्रंथ उघडायचा नाही, आणि त्यातून उपदेश काढायला सक्त मनाई. पोरं कुरकुरली. काय करायचं त्या अर्ध्या तासात तेच कुणाला कळेना. बोनहोफर हटला नाही. शेवटी गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, जागेला टाळं ठोकलं.

तुम्हाला नेमकी ही मनाईच हवी आहे. बायबलमधल्या ज्या पुस्तकावर वर्षभर उपदेश करणार नाही असं एक निवडा. मी विलापगीत घेतलं होतं. मंडळीला पाच वर्षांत त्यावर एक शब्दही ऐकवला नाही.

निर्मळचा | मंगळवार, संध्याकाळी ७.५०

मी वसईकडचा, कॅथलिक धर्मगुरू. जुना_सलाम यांचं वाचून छान वाटलं. आमच्याकडे यातल्या काही गोष्टी माणसाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत, आणि माझ्या मते शहाणपण तिथेच आहे.

तासिकांची प्रार्थना, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायची स्तोत्रं आणि वाचनं, ही आम्हाला दीक्षेपासून बंधनकारक. मूड असो नसो. कित्येक दिवस फक्त ओठ हलतात. तरी बरं असतं, कारण ते शब्द माझे नसतात, मला सुचावे लागत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांसाठी शब्द शोधणाऱ्याला आयत्या शब्दांची किती गरज असते हे सेमिनरीत कळलं नव्हतं.

दुसरं, वार्षिक आध्यात्मिक साधना. तेवढे दिवस मौन, मोबाइल बंद. चष्मेबद्दूर यांना गंमत वाटेल, १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्यात, ५३३ वं कलम रजेबद्दल बोलतं. पॅरिशच्या धर्मगुरूला वर्षाला जास्तीत जास्त एक महिना रजा घेता येते, आणि साधनेचे दिवस त्या रजेत धरायचे नाहीत असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे देवासोबत घालवलेला वेळ सुट्टीत मोजायचा नाही, आणि सुट्टी ही साधना समजायची नाही. दोन्ही वेगळ्या लागतात. पुष्कळ जण इथेच फसतात. साधनेला जाऊन आठवडाभर झोप काढतात, कारण सुट्टी घेतलेलीच नसते.

तिसरं, रोज रात्रीचं आत्मपरीक्षण. संत इग्नेशियस लोयोलाची ही पद्धत, त्यांच्या संघातल्या जेझुइटांकडून सगळीकडे पसरली. लोकांना वाटतं की यात पापांचा हिशेब मांडायचा. पण सुरुवात आभारानं होते. मग दिवस पहिल्यापासून डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा: कुठे जीव लागला, कुठे कोरडा पडलो, कुणावर उगाच खेकसलो. चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी मागणं. पंधरा मिनिटं पुरतात. बाकी प्रार्थना एखाद्या दिवशी राहिली तरी हे चुकवायचं नाही, असं आम्हाला शिकवतात. त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला इथे मिळेल असं मला वाटतं.

पाळकाची_बायको | मंगळवार, रात्री ९.३०

सगळं वाचलं. सगळे पुरुष, आणि सगळ्यांचा अर्धा तास मौन. त्या अर्ध्या तासात दूध कोण तापवतं, पोरांचे डबे कोण भरतं, दारात आलेल्याला "साहेब प्रार्थनेत आहेत, बसा, चहा घ्या" कोण म्हणतं, यावर इव्हाग्रियसनं काही लिहिलं असेल तर कळवा.

कवी ना. वा. टिळकांना आपण सगळे डोक्यावर घेतो, घ्यायलाच हवं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं सेवा, ती भजनं, ते अभंग. आणि १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा. आतलं मूळ धरून ठेवायला नोकरी सोडणारा माणूस म्हणून त्यांचं उदाहरण उद्या इथे कुणीतरी देणारच, म्हणून आधीच लिहिते. त्या दरबाराची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रांत मांडली आहे. टिळकांनी दिलदारपणे वाटून टाकायचं आणि घरात काय शिजवायचं हे त्यांनी बघायचं. टिळकांनी कुणालाही घरी आणायचं आणि त्यांनी त्याला आपला म्हणायचं. त्या हे हसत सांगतात, म्हणून आपण हसत वाचतो. टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे महाकाव्य पूर्ण कुणी केलं? त्यांनीच.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचंही बघा. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका, त्यांचं अन्न, कपडे, आजारपणं. त्या सगळ्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत बायबल आणत होत्या, थेट १९२२ मध्ये जाईपर्यंत. देवाची मोठी कृपा, अगदी खरं. पण लेक मनोरमाबाई आणि बाकीच्या बायकांनी कारभाराला खांदा दिला होता, हेही खरं.

माझ्या नवऱ्याला सकाळचा वेळ मी मिळवून देते. मला संध्याकाळचा तो मिळवून देतो. तेव्हा दारात आलेल्याला चहा तो करतो. मंडळीतल्या दोन-तीन बायकांना हे अजून पचलेलं नाही.

जुना_सलाम | मंगळवार, रात्री ९.५५

आमच्या मंडळी का हसल्या ते आता सगळ्यांना कळलं असेल.

पंच_नेवासकर | बुधवार, सकाळी ७.१०

सलाम. मी पाळक नाही, मंडळीच्या पंचकमिटीत आहे, त्यामुळं आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो म्हणा. तुम्ही लोकं आपसात उपाय शोधू राहिले, पण ह्यात आमचं बी काम आहे ना.

बायबलातल्या निर्गमचा अठरावा अध्याय काढा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे मिटवत बसलाय. सासरा इथ्रो येतो, बघतो आन् म्हणतो, हे काही बरं नाही. तू झिजून जाशील. आपण उपदेशात इथंच थांबतो. पण इथ्रो पुढं म्हणतो, तू बी झिजशील आन् ही लोकं बी. दिवसभर रांगेत उभं राहून लोकं बी थकतातच की. म्हणजे एकट्या पाळकावर सगळं टाकलं की मंडळीचं बी नुकसान. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात तेच. विधवांच्या रोजच्या वाढपावरनं कुरकुर झाली, तर प्रेषितांनी सात माणसं नेमून दिली आन् आपण प्रार्थना नि वचन धरून बसले. वाढप हलकं काम म्हणून सोडलं नाही, त्याला चांगली माणसं दिली.

आमच्याकडं आम्ही दाखल्यांचं काम पाळकाकडनं काढून घेतलं. दप्तर बघायला एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांच्याहून बारीक नजर कुणाची? सही पाळकाची, शोधाशोध त्यांची. जागेच्या केसला दोन पंच जातात. पाळकाला वकिलाच्या हाफिसात बसवून आम्ही काय मिळवत होतो देव जाणे.

माळकरी | बुधवार, सकाळी ९.००

रामकृष्णहरी. आमच्या घरात कीर्तनकार आहेत. हंगामात रोज एक गाव, रोज बिदागी, रोज तेच दृष्टांत, लोक पाया पडतात. काका म्हणायचे, व्यासपीठावर डोळ्यांत पाणी येतं आणि गाडीत बसलं की तेच डोळे पुढच्या तारखेची डायरी बघतात. तुमचं वाचून तेच आठवलं.

तुकोबा भंडारा डोंगरावर का जाऊन बसायचे याचं उत्तर यात असावं असं मला वाटतं. गावात ते सगळ्यांचे होते. टिळकांचा उल्लेख झालाच आहे म्हणून सांगतो, तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, हे आमच्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे.

स्टाफ_सिस्टर | बुधवार, दुपारी २.४०

मी नर्स, चर्चमध्ये संडे स्कूल घेते. कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. गोदाकाठ दादा, झोप किती होते? पहाटे आपोआप जाग येते का? जेवणाची चव लागते का? आधी ज्यात मन रमायचं, क्रिकेट म्हणा, शेत म्हणा, त्यात अजून रमतं का? शेवटच्या दोन्हींना "नाही, नाही" असं उत्तर असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ तसंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२, साखर तपासून घ्या. डिप्रेशन असेल तर त्याला औषध आहे आणि ते घेण्यात अविश्वास नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही, गावात बोभाटा होत नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आम्ही संडे स्कूलला घेतो. ईजबेल राणीच्या भीतीनं पळून रतामाच्या झुडपाखाली "आता मला मरू दे" म्हणत पडला होता. देवदूतानं त्याला एकही प्रश्न विचारला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगर आणि मंद वाणी हे सगळं त्यानंतर. मुलांना ही गोष्ट लगेच कळते, मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

अग्निज्वाला | बुधवार, रात्री ८.१५

सिस्टर, डॉक्टरबद्दल माझी ना नाही. माझी आईही गोळ्या घेते. पण सगळं झोप आणि व्यवस्थेवर ढकललं की कोरडेपणाची कुणाला काळजीच वाटत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. येशू तरी पहाटे उठूनच एकांतात गेला ना? मार्कचं शुभवर्तमान, १:३५.

जुना_सलाम | बुधवार, रात्री ९.०५

गेला. पण पस्तिसाव्या वचनावर थांबू नका, अडतिसाव्यापर्यंत या. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमचं सगळं गाव दाराशी जमलं होतं. सकाळी शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुम्हाला शोधत आहेत. येशू परत जात नाही. जवळच्या दुसऱ्या गावांना जाऊ या म्हणतो. मागे राहिलेल्यांत आजारी कुणी नसेल का? असणारच. एकांतातून तो "नाही" म्हणायची ताकद घेऊन आला. आपण एकांतातून जास्त काम करायची ताकद मागतो, गडबड तिथेच होते.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर गोदाकाठ उद्यापासून फोन बंद करून बसतील. सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड नाही म्हणून येशू त्यांना एकांती चला, विसावा घ्या म्हणतो. होडीतून जातात, तर लोक पायी पळत आधीच तिथे पोहोचलेले. बेत फसला. त्याला लोकांचा कळवळा आला, तो शिकवत बसला, पाच हजारांचं जेवण झालं. पण सगळ्यांना निरोप दिल्यावर रात्री तो डोंगरावर प्रार्थनेला गेलाच. मयत आलं, जा. मग ज्याचा वेळ बुडाला तो त्याच आठवड्यात परत घ्या. आपल्याकडे बुडालेला वेळ बुडालेलाच राहतो.

निर्मळचा | बुधवार, रात्री १०.२०

कोरडेपणाबद्दल दोन शब्द. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. जवळजवळ सगळ्या सेवाकाळात त्यांना आत अंधार जाणवत होता, देव गप्प वाटत होता. तरी पहाटेची प्रार्थना सुटली नाही आणि मरणाऱ्यांची सेवाही सुटली नाही. तेव्हा काही जाणवत नाही म्हणजे प्रीती थंडावली, हे समीकरण मला मान्य नाही. पण या उदाहरणाचा गैरवापरही मी पाहिलाय. साध्या थकव्याला "मदरसारखा अंधार" म्हणून कुरवाळत बसणारे असतात. त्यांनी आधी आठवडाभर वेळेवर झोपून बघावं. फरक ओळखायला दुसरा माणूस लागतो. आपला आपल्याला ओळखता येत नाही. मदर तरी ते कुणाला लिहीत होत्या? आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनाच.

आता सगळ्यात आवडतं उदाहरण. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या मठातले संत बर्नार्ड. त्यांचाच एक मठवासी ११४५ मध्ये पोप झाला, तिसरा युजीन. बर्नार्डनी त्याला अभिनंदनात गुंडाळून ठेवलं नाही, सरळ लिहिलं: सकाळपासून रात्रीपर्यंत तू दावे ऐकत बसतोस. असंच चाललं तर मन निबर होईल, आणि निबर झालेलं तुला कळणारही नाही. सगळ्यांचा तुझ्यावर हक्क आहे ना? मग त्या हक्कदारांत स्वतःलाही धर. पोपला हे ऐकावं लागलं, तिथे आपण कोण? त्यांनीच एका प्रवचनात म्हटलंय, कालवा होऊ नका, तळं व्हा. कालव्यात पाणी आलं की लगेच पुढे जातं. तळं आधी भरतं, मग वरचं सोडतं.

पंच_नेवासकर | गुरुवार, सकाळी ६.५०

फादर, उदाहरण लई भारी, पण आमच्याकडं कालव्याला पाणी आवर्तनानं सुटतं. मधले दिवस तो कोरडाच असतो, आन् त्याच दिवसांत त्यातला गाळ काढतात. चालू पाण्यात गाळ निघत नाही. पाळकाला बी आवर्तन लावून द्या, तळं व्हायचं त्याचं तो बघंल.

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, आज दोन दवाखाने झाले.

स्टाफ_सिस्टर, क्रिकेटमध्ये मन रमतं, जेवणाची चव लागते, पण झोप फार कमी होते. तपासण्या करून घेतो. पाळकाची_बायको, तुमची पोस्ट घरी दाखवली. आमच्या घरात तासभर चर्चा झाली, त्यातली बरीचशी मी फक्त ऐकली. तिचा वेळ शनिवारी सकाळी ठरलाय, तेव्हा मुलं माझ्याकडे. शनिवारी उपदेश लिहायचा असतो हे मी बोलून पाहिलं. "शुक्रवारी लिहा" असं उत्तर आलं.

उपदेशाला मनाई असलेलं पुस्तक म्हणून मी नहूम घेतलंय. नहूमवर उपदेश करा असं अजून तरी मला कुणी सांगितलेलं नाही.

निर्मळचा, आत्मपरीक्षण सुरू केलं. आभारापर्यंत ठीक जातं, पुढे झोप लागते. मार्गदर्शकाचा मुद्दा मात्र अडतो. आमच्याकडे वरिष्ठ म्हणजे बदली ठरवणारे. त्यांच्यापुढे "आतून कोरडा आहे" म्हणणार कसं?

जुना_सलाम | शुक्रवार, सकाळी ८.३०

त्यांच्यापुढे म्हणूच नका. ज्याच्या हातात तुमची बदली किंवा पगार आहे तो मार्गदर्शक होऊ शकत नाही, तो कितीही भला असो. दुसऱ्या मंडळीचा, दुसऱ्या पंथाचा, निवृत्त झालेला, असा कुणीतरी धरा. माझा एक कॅथलिक फादर होता. महिन्यातून एकदा एसटीनं जायचो. तो फारसं बोलायचा नाही. "प्रार्थना कशी चाललीय?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचा. या प्रश्नाला मी पुष्कळ वेळा खोटं उत्तर द्यायचा विचार केला, पण त्याच्यापुढे जमायचं नाही.

चष्मेबद्दूर | शुक्रवार, सकाळी १०.१०

चार दिवस वाचतोय. पहिल्या प्रतिसादात मी रजा टाका म्हटलं होतं. फादरनी ५३३ वं कलम दाखवलं, पंचांनी कामाची वाटणी दाखवली, दोन्ही मला मान्य. पण एक विचारू का? गोदाकाठ यांचा आठवड्याचा सुट्टीचा वार कुठला, हे अजून कुणीच विचारलेलं नाही.

गोदाकाठ | शुक्रवार, दुपारी १.२०

सोमवार. कागदावर. हा धागा मी सोमवारी रात्री काढला तेव्हा नुकताच एका साखरपुड्याहून आलो होतो.

पंच_नेवासकर | शुक्रवार, दुपारी ३.४५

मग ऐका. आमच्याकडं काय केलंय ते सांगतो, जमलं तर उचला. शेजारच्या मंडळीच्या पाळकाची सुट्टी मंगळवारी, आमच्या पाळकाची सोमवारी. सोमवारी दोन्हीकडचं मयत नि अडीनडी ते बघतात, मंगळवारी आमचे. साखरपुडा, वाढदिवस, ट्रॅक्टर ह्यांना सोमवार मिळत नाही, मुहूर्त तसाही आपल्याला नसतो. मंडळीच्या फलकावर वारासमोर फोन नंबर लिहिलाय, आन् सोमवारपुढं पाळकाचा नंबर मुद्दाम लिहिलेला नाही. पहिले काही महिने लोकं घरी येऊन धडकली. तेव्हा दारात पंच उभा राहिला, पाळक नाही. हे पंचांनीच करायचं, पाळकाला स्वतःला "नाही" म्हणायला लावलं तर तो म्हणणार नाही.

तुमच्या पंचकमिटीच्या सेक्रेटरींचा नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही मधी पडू नका.